तीन ठिपक्यांच्या मरळी

मी बी. एस्सी. झाले त्या उन्हाळ्यात माझ्या शिक्षक वडिलांची नुकतीच अणदूरला बदली झाली होती. रविवारी ते गावाबाहेरच्या तळ्यावर गळ टाकून बसत. मीही सोबत जात असे. पाणी आटून मधल्या डोहापुरते उरले होते. पहिल्याच रविवारी गळाला लागलेल्या मरळीच्या अंगावर, कल्ल्याच्या मागे, तीन काळे ठिपके एका ओळीत होते. ती आम्ही खाल्ली. पुढच्या दोन रविवारी आणखी दोन मरळी मिळाल्या आणि दोन्हींवर तेच तीन ठिपके! मी हादरले. एकच तळे, एकच जात, एकसारखे डाग. हा रोगच असणार.

जनावरांच्या दवाखान्यातून मासे टिकवायला फॉर्मॅलिन मागून आणले आणि आईची काचेची बरणी रिकामी केली.

"माशाला लोणच्याची बरणी? आता त्या बरणीतलं लोणचं कोण खाणार?" आई कडाडली.

"तिला एम. एस्सी. करायचंय, लोणचं न्हाय घालायचं," वडील म्हणाले.

माझ्या प्राध्यापकांकडे एकाच विद्यार्थ्यासाठी जागा होती आणि ती मला हवी होती. लांबी, वजन, ठिपक्यांचा व्यास, बाजू असे सर्व काही, खाल्लेल्या मरळीचे आठवणीने, कोष्टकात मांडून मी चार पानांचे टिपण धाडले. उत्तर तातडीने आले : निरीक्षण दुर्मीळ आहे, आणखी दोन नमुने आणा, जागा तुमची.

तळ्याकाठी एक म्हातारी भोईण राहत असे. तिच्या जाळ्यात असे मासे येतच असतील, या हिशेबाने मी बरणी घेऊन तिच्या झोपडीशी गेले.

"आजी, अशा आणखी दोन मिळवून द्याल का?"

तिने बरणी उन्हात धरली आणि काचेवरून बोटाने ठिपके मोजले.

"ह्या कुणी मारल्या?"

"आम्हीच, गळाने. आजी, ह्यांना रोग झालाय."

"रोग कशाचा, बाई? बिब्बा हाय त्यो. म्याच लावलाय."

मी बरणी तिच्या हातून घेऊन ठिपके पुन्हा पाहिले.

"तळं लई आटलं की थोराड मरळी निवडायच्या, तापल्या सुईनं बिब्ब्याचं तीन डाग द्यायचं अन् परत सोडायच्या. तळ्याचं बियाणं हाय ते. पुन्यांदा घावली तर कुणी ठेवत न्हाय, सोडून देतंय. समद्या गावाला ठावं हाय. गुरुजी नवं, त्यास्नी कुणी बोललं नसंल."

"एकूण किती सोडल्या होत्या?"

"पाच."

मी तीन बोटे वर केली.

"एवढं शिकलीस," ती सावकाश म्हणाली, "अन् समदं डाग एकाच अंगाला कसं, हे न्हाय इचारलंस?"

माझ्या कोष्टकात मी स्वतःच्या हाताने तीनदा 'डावी बाजू' असे लिहिले होते. रोग डावे-उजवे पाहत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते.

डोहात आता दोनच उरल्या होत्या. प्राध्यापकांनी मागितल्या होत्या नेमक्या तेवढ्याच.

घरी येऊन वडिलांना सांगितले. त्यांनी गळाची दोरी गुंडाळून माळ्यावर टाकली. मी पत्र लिहायला बसले. 'ते डाग रोगाचे नाहीत' हे पहिले वाक्य चटकन उतरले. 'आणि उरलेल्या दोन मी आणणार नाही' हे दुसरे लिहिण्यात सगळी दुपार गेली.