नेव्हिलने सोडलेला कोपरा

नेव्हिल केरिजने आयुष्यात एकदाच कोपरा सोडला. तोही जेमतेम दहा मिनिटं आधी. ती दहा मिनिटं त्याला पुढची बेचाळीस वर्षं पुरली.

कोपरा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सडबरीच्या सायकल क्लबातून दर रविवारी पंधरा-वीस जण निघत. सगळ्यांच्या पुढे कॅप्टन, कारण रस्ता त्याने ठरवलेला असे. सगळ्यांच्या मागे एक भरवशाचा गडी. त्याला ‘शेपूट’ म्हणत. मधल्यांनी आपापल्या वेगाने यावं. सफकमधले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी झुडपांची कुंपणं, आणि मैला-मैलावर फाटा. पुढचा माणूस वळणाआड गेला की गेलाच. म्हणून जिथे वळायचं असे त्या फाट्यावर कॅप्टनच्या लगेच मागचा माणूस उतरायचा, कोपऱ्यावर उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवायचा. शेपूट येऊन गेलं की मगच त्याने कोपरा सोडायचा. कोपऱ्यावर कोणी नसलं, तर सरळ जायचं. एवढा एकच नियम. कोणी उशिरा आलं, कोणी मधेच पबात बसून राहिलं, तर कोणी हूं की चूं करत नसे. पण कोपरा सोडणाऱ्याला पुन्हा कधी पुढे चालू देत नसत.

या कामाला नेव्हिलसारखा माणूस नव्हता. पंधराव्या वर्षी तो रेशमाच्या गिरणीत लागला आणि पासष्टाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाला. माग दुरुस्त करणं हे त्याचं काम. टायचं रेशमी कापड विणताना एक धागा तुटला, तरी शंभर पावलांवरून त्याला आवाजातला फरक कळे. सायकलच्या पिशवीत दोन जादा ट्यूब, एक स्वतःसाठी आणि एक लेन डीक्ससाठी. लेन त्याच गिरणीत रंगखात्यात होता. दोघे शाळेपासूनचे. लेन बोलघेवडा, विसराळू. हवा भरायचा पंप त्याने कधी बरोबर आणला असेल तर शपथ. पण शेपूट म्हणून तो उत्तम होता, कारण मागे राहिलेल्याशी गप्पा मारायला तो कंटाळत नसे.

१९७३च्या वसंतात एव्हिस नन क्लबात आली. वाचनालयात कामाला होती. तिची सायकल आत्याची, लोखंडाची, वजनाने गाढवाएवढी. त्यामुळे ती नेहमी शेवटी. नेव्हिलने तिचे ब्रेक नीट करून दिले, बैठक वर घेऊन दिली, साखळीला तेल घातलं. दोन महिन्यांत सायकल सोडून दुसऱ्या विषयावर तो तिच्याशी चार वाक्यं बोलला असेल. पाचवं त्याने मे महिन्यातल्या एका रविवारसाठी राखून ठेवलं होतं. पुढच्या शनिवारी सडबरीत नाच होता. येशील का, एवढंच विचारायचं.

त्या रविवारी चहा बिल्डेस्टनला, चॅपलच्या लहानशा हॉलमध्ये ठरला होता. दोन लांब टेबलं, बाकं भिंतीला लागलेली. एकदा माणूस बसला की चहा संपेपर्यंत त्याला हलता येत नसे. कोणाशेजारी बसायचं, ते आत शिरतानाच ठरे. मंक्स एलीच्या पुढे रस्ता फुटतो. डावीकडे बिल्डेस्टन, सरळ गेलं की कर्सी. तो कोपरा नेव्हिलच्या वाट्याला आला. पाऊस झोडपत होता. चौदा जण गेले. राहिले दोघे, शेपूट लेन आणि त्याच्या पुढे एव्हिस. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. नेव्हिलला डोळ्यांसमोर तो हॉल दिसू लागला, भरत चाललेली बाकं दिसू लागली. लेन बिल्डेस्टनला वीसदा तरी गेलाय, त्याला काय रस्ता दाखवायचा, असं तो मनाशी म्हणाला आणि सायकलवर बसला.

त्याला दोन जागा मिळाल्या. शेजारच्या जागेवर त्याने आपली टोपी ठेवली. चहा संपला, बश्या उचलल्या, तरी ती टोपी तिथेच होती.

एव्हिसचं चाक पंक्चर झालं होतं. ते दोघे फाट्याशी आले तेव्हा कोपरा रिकामा होता, आणि नियमाप्रमाणे ते सरळ गेले. कर्सीला गावातल्या रस्त्यावरून ओढा वाहतो. पाऊस थांबल्यावर दोघे तिथे पाण्यात पाय सोडून बसले आणि संध्याकाळी सातला घरी आले. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचं लग्न झालं. अंगठी खिशात सांभाळून नवरदेवाच्या शेजारी उभा होता तो नेव्हिलच.

पण हे झालं नंतर. आधी गुरुवारची क्लबची बैठक झाली. म्हाताऱ्या कॅप्टनने विचारलं, “मंक्स एलीच्या कोपऱ्यावर कोण होतं?”

“मी,” नेव्हिल म्हणाला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात आलं होतं. तेवढ्यात लेन मोठ्याने हसला.

“होता की उभा, बिचारा भिजत! मीच बडबडीच्या नादात बघितलं नाही. घाला माझ्या नावावर.”

सगळे हसले. नेव्हिलचं वाक्य तोंडातच राहिलं. नोव्हेंबरात त्याला कॅप्टन केलं आणि तो एकतीस वर्षं कॅप्टन राहिला. लेनला मात्र क्लबात कोणी कधी पुढे चालू दिलं नाही. “रस्ता कोणालाही विचारा, लेनला विचारू नका,” ही त्याच्यावरची कायमची थट्टा झाली, आणि लेन स्वतःच ती सगळ्यांत जास्त वेळा करी.

या गोष्टीवर लेन त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. नेव्हिलही बोलला नाही. त्याची समजूत अशी झाली, की लेनने आपल्याला झाकलं, पण मनात धरलं. एव्हिस रविवारी जेवायला बोलवी, तो काहीतरी कारण काढी. हळूहळू बोलावणंही नाताळापुरतं उरलं. गिरणीच्या फाटकात भेटले की हवापाण्याचं बोलत. एकाच गल्लीत दोन घरं सोडून राहत असूनही वर्षं अशी गेली. नेव्हिलने लग्न केलं नाही. आई होती तोवर आई, मग एकटा.

२०१५च्या फेब्रुवारीत लेन गेला. मे महिन्यात त्याच्या आठवणीत क्लबाने दिवसभराची सायकल सहल ठेवली. रस्ता एव्हिसने सांगितला होता, लॅव्हनम, मंक्स एली, कर्सी आणि परत. ते ऐकल्यापासून नेव्हिलच्या जिवाला चैन नव्हती. त्या कोपऱ्यावर थांबून तिला खरं सांगायचं, असं त्याने ठरवलं. रोज दाढी करताना आरशासमोर तो तीन वाक्यं म्हणून बघे. एव्हिस, मी त्या दिवशी कोपऱ्यावर नव्हतो. लेनची काही चूक नव्हती. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

रविवारी अकरा जण निघाले. एव्हिसने मुलीकडून बॅटरीवर चालणारी सायकल आणवली होती. लॅव्हनमच्या चढावर ती शीळ घालत नेव्हिलच्या पुढे गेली.

“काय कॅप्टन, हवा गेली का?” मागे वळून ती ओरडली.

“मोटार लावून आलीस आणि वर मलाच विचारतेस!”

“बेचाळीस वर्षं मी शेवटी होते. आता तू शेवटी राहून बघ, कसं वाटतं ते.”

लॅव्हनमच्या बाजारचौकात त्यांनी चहा घेतला. तिथली लाकडी चौकटींची घरं पाचशे वर्षं एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी आहेत. क्लबचा चिटणीस क्लाइव्ह पेटिट मोबाइलवरचा नकाशा बघत बसला होता.

“नेव्हिल, खरं सांगा, आता ते कोपऱ्यावर उभं राहणं कशाला हवं? यात सगळं दिसतं. ही बघा, आपण अकरा टिंबं.”

“मग दहा टिंबांनीच जा,” नेव्हिल म्हणाला. “अकरावं चीज-पाव खाऊन येतंय.”

सगळे हसले. नेव्हिलने मात्र अर्धा पाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

मंक्स एली मागे पडलं. फाटा दिसला तशी एव्हिस उतरली आणि तिने सायकल कुंपणाला टेकवली. बाकीचे सरळ कर्सीच्या रस्त्याने पुढे गेले. कोणाला काही सांगावं लागलं नाही. बायको नवऱ्याच्या आठवणीत थांबली आहे, हे दिसतच होतं. नेव्हिल मात्र थांबला. कुंपणावर पांढरी फुलं इतकी दाटली होती, की दिशादर्शक खांब अर्धा झाकला होता.

“एव्हिस,” त्याने सुरुवात केली, “मला तुला काही...”

“थांब. आधी माझं ऐक, नाहीतर माझा धीर जाईल.” तिने हातमोजे काढले. “तू इथेच उभा होतास ना रे, त्या दिवशी?”

नेव्हिलने आपलीही सायकल कुंपणाला टेकवली.

“मला काही दिसलं नव्हतं. टोपी अशी डोळ्यांवर ओढलेली, पुढचं चाक तेवढं दिसत होतं. लेनने मला नंतर सांगितलं. लग्न झाल्यावर, क्रोमरला समुद्रकाठी. म्हणाला, ‘नेव्हिल कोपऱ्यावर उभा होता, डावीकडे हात करून. मी त्याला बघितलं, डोळा मारला आणि तुला सरळ घेऊन गेलो. चहाच्या हॉलमध्ये तू भलत्याच कोणाशेजारी बसली असतीस, आणि मला तर सगळी दुपार हवी होती.’” ती हसली. “क्लबात सगळ्यांना वाटतं लेन रस्ता चुकला. पण तो माझ्यासाठी मुद्दाम चुकला होता. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्याच्याकडून ही गोष्ट ऐकायचे मी. मुलींनाही पाठ आहे.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. दोघांना कुंपणाला चिकटून उभं राहावं लागलं.

“आता तो गेल्यावर रात्री झोप येत नाही,” ट्रॅक्टर गेल्यावर ती म्हणाली. “लेनच्या गोष्टी तुला माहीत आहेत. निम्म्या थापा. माशाची लांबी दर वर्षी वाढायची. मग मनात येतं, हीही थापच असली तर? खरंच नुसता रस्ता चुकला असेल, आणि मी आपली एकेचाळीस वर्षं... वेडेपणा आहे, कळतं मला. पण तू होतास इथे. तुझ्याशिवाय कोणाला विचारणार?”

नेव्हिलने पाठ केलेली तीन वाक्यं तोंडाशी होती. ती इतक्या वेळा म्हटलेली होती, की आपोआप बाहेर पडली असती. त्याने फाट्याकडे बघितलं. लेनने क्लबात एक खोटं सांगितलं होतं, नेव्हिलला कॅप्टन होता यावं म्हणून. आणि घरी दुसरं सांगितलं होतं, बायकोला आपण निवडले गेलो असं वाटावं म्हणून. मनात धरणारा माणूस अशी गोष्ट दर वर्षी हौसेने सांगत नाही. एवढं साधं समजायला नेव्हिलला लेन मरावा लागला.

“होतो,” तो म्हणाला. “इथेच. खांबाच्या अलीकडे.”

“आणि त्याने तुला बघितलं?”

“बघितलं म्हणजे? डोळा मारला. मी ओरडलोही, लेन, डावीकडे! तर त्याने हात हलवला आणि गेला.”

एव्हिसने तोंडावर हात धरला. हसते आहे की रडते आहे, ते तिचं तिलाही कळत नसावं. मग तिने त्याच्या बाहीला धरून दोनदा हलवलं. “ओरडलास हे त्याने नव्हतं सांगितलं!”

“विसरला असेल.”

“तू काहीतरी सांगणार होतास ना?”

“हेच,” नेव्हिल म्हणाला.

कर्सीला पबच्या मागच्या अंगणात सगळे जेवायला बसले होते. एव्हिसने बसता बसता गोष्ट सांगून टाकली. बाकावर एकच हलकल्लोळ झाला. लेनने क्लबाला चार दशकं बनवलं म्हणून ग्लास उंचावले गेले. क्लाइव्हने मोबाइल नेव्हिलसमोर धरला. “कॅप्टन, हे क्लबच्या पत्रिकेत जायलाच हवं. तुम्ही एकटे साक्षीदार. नीट सांगा, पहिल्यापासून.”

नेव्हिलने नीट सांगितलं. पाऊस किती होता, लेनचा रेनकोट कोणत्या रंगाचा होता, तो किती जवळून गेला. एव्हिस समोर बसून एकेक शब्द पिऊन घेत होती. कोणीतरी म्हणालं, “आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात? मित्र असावा तर असा!” नेव्हिलने मान हलवली आणि बशीतला बटाटा काट्याने फोडत राहिला.

निघताना दोघे ओढ्यापाशी मागे राहिले. बदकं रस्त्याच्या मधोमध पाण्यात बसून होती आणि एक मोटार त्यांच्या मर्जीची वाट बघत उभी होती.

“एक विचारू?” एव्हिस म्हणाली. “आमच्याकडे जेवायला का नाही आलास कधी? लेन रविवारी एक जादा खुर्ची काढून ठेवायचा. कित्येक वर्षं. म्हणायचा, आज येईल बघ. तुला त्याचा राग होता का?”

खरं कारण सांगायला आता जागा उरली नव्हती. दुसरं एकही त्याला पटकन सुचेना.

“ते तुमच्याकडे मटणाबरोबर पुदिन्याची चटणी असायची ना,” तो म्हणाला. “मला चालत नाही.”

“पुदिन्याची चटणी!” एव्हिस त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे गाढवा, बाजूला ठेवली असती!”

“हो,” नेव्हिल म्हणाला. “ठेवली असतीत.”

“आता काय उपयोग? जुलैत मुलीकडे चालले मी, यॉर्कला. घर विकलं गेलं.” तिने हातमोजे चढवले, बॅटरीचं बटण दाबलं आणि चर्चच्या चढावर सहज वर निघून गेली.

नेव्हिल सायकलवरून उतरला. तो चढ त्याने आजवर कधी उतरून चढला नव्हता. आज सायकल हाताने ढकलत, दोनदा थांबून, तो वर आला तेव्हा बाकीचे दहा जण माथ्यावर त्याच्यासाठी थांबले होते.