डोंग्यातला बाजार

काकूंनी नाक चिमटीत धरलं. भर वर्गात. आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "तरीच म्हटलं, बेसमेंटमधून वास कसला येतो! जातीची मासेवाली निघालीस की गं. आता हात धुतल्याशिवाय वर येऊ नकोस."

वर्ग हसला. टाळ्या पडल्या. टीचर म्हणाली, "एक्सलंट ॲक्टिंग!"

त्यांना वाटलं, काकू गिऱ्हाइकाचं नाटक करताहेत. खोली माणसांनी भरलेली, पण मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. एक बोलणारी, एक ऐकणारी. मीही हसले. हो, हसले. भीतीनं माणूस हसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि वास कसला? त्या घरात मासा कधी शिजलाच नव्हता.

आम्ही कॅनडात, मिसिसागात काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायचो. २०१७ चा हिवाळा. नवरा नागपूरला शिकलेला इंजिनियर, पण इथं एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायचा. काकू मूळच्या पुण्याच्या, काकांबरोबर तरुणपणी इकडे आलेल्या. काका आता रिटायर्ड. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा काकूंनी चहा दिला, चिवडा दिला आणि मग विचारलं, "आडनावावरून कळत नाही हो. तुम्ही नक्की कोण?"

नवरा म्हणाला, "नागपूरकडचे आम्ही. शाकाहारी आहोत."

'कोण'चं उत्तर त्यानं दिलंच नाही. काकूंनी ते आपल्या मनानं भरून घेतलं. "बरं झालं बाई, आपल्यातलेच मिळाले," म्हणाल्या. त्याआधी किती दारांवरून परत आलो होतो, आमचं आम्हाला माहीत. बाहेर बर्फ पडत होता. मी मान खाली घालून चिवडा खाल्ला.

तेव्हापासून जे भ्यायला लागले, ते लागलेच. बेसमेंटमध्ये आपल्या डोक्यावर दुसऱ्याची जमीन असते. काकूंची पावलं मला पाठ झाली होती. आता किचनकडे चालल्या, आता देवघराकडे. जिन्याकडे आल्या की मी हातातलं काम टाकून उभी. गरम हवेच्या जाळ्या वर-खाली एकाच नळीच्या, खाली फोडणी दिली की वर खोकला. मायनं गावाहून पाठवलेले सुके झिंगे मी पिशवीत पिशवी घालून गाडीच्या डिकीत लपवले होते. रविवारी ग्रोसरीला गेलो की पार्किंगमध्ये ती पिशवी उघडायची, आत नाक घालायचं आणि पुन्हा गाठ मारायची. खायची हिंमत नाही. केवढे आम्ही शूर!

मी भंडाऱ्याकडची. ढिवराची पोरगी. बाबा तळ्यात जाळं टाकायचा, माय मासळी विकायची. तळ्याच्या काठाला देऊळ होतं आणि देवळाच्या दगडी पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत होत्या. आठवड्याचा बाजार त्या पायऱ्यांवरच भरायचा. भाजी, बांगड्या, मुरमुरे, सगळं चालायचं. मासळीची टोपली मात्र पायरीवर टेकवायची नाही. देवाची पायरी. म्हणून माय पाण्यातून विकायची, डोंग्यात उभी राहून. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी. माय पुढं, पायाशी टोपली, मागं मी वल्हं धरून. गिऱ्हाईक वरून नाणं टाकायचं, माय खालून पानात गुंडाळलेली मासळी वर धरायची. ऊन डोक्यावर आलं तरी बसायची सोय नाही.

एकदा मायच्या अंगात ताप होता. उभं राहवेना. तिनं टोपली खालच्या पायरीवर टेकवली, थोडीशीच, कडेला. एक माणूस उतरून आला आणि त्यानं पायानं टोपली लोटली. सगळी मासळी तळ्यात. "जिथून आली तिथं गेली!" कुणीतरी म्हणालं आणि बाजार हसला. मायनं त्या माणसाचीच माफी मागितली, हात जोडून. मी रडत होते, तर मलाच म्हणाली, "चूप राह्य वं. पाण्यात राहून माशाशी वैर नाही करत."

ती रिकामी टोपली तळ्यावर तरंगत होती. ती ओढून घ्यायला मीच डोंगा वळवला होता.

तर इंग्रजीचा वर्ग. नवीन आलेल्यांसाठी फुकट असायचा आणि काकू तिथं व्हॉलंटियर होत्या. त्यांनीच माझं नाव घातलं. खोटं कशाला बोलू, स्वतःच्या गाडीतून न्यायच्या, आपला जुना विंटर कोट मला दिला, थंडीत कान झाकायला शिकवलं. म्हणून तर भीती जास्त. वैऱ्यापासून माणूस पळून जाईल, उपकार करणाऱ्यापासून कुठं पळणार?

टीचरनं एके दिवशी फळ्यावर थायलंडच्या तरंगत्या बाजाराचं मोठं चित्र लावलं. कालव्यात नावाच नावा. फुलं, फळं, वाफाळतं सूप आणि मोठ्या टोप्या घातलेल्या हसऱ्या बायका. आठवडेच्या आठवडे ती त्या एका चित्रावरून शिकवायची. पॅडल, बास्केट, बार्गेन, फ्रेश. हाऊ मच, हाऊ मेनी. धिस वन इज चीपर दॅन दॅट वन. मला शब्द भराभर यायला लागले. का नाही येणार? वस्तू सगळ्या ओळखीच्या, नावं तेवढी नवी. 'पॅडल' म्हटलं की माझ्या तळव्याला वल्ह्याचा घट्टा आठवायचा. घरी भांडी घासतानासुद्धा मी पुटपुटायची.

पण टीचरनं विचारलं, "असा बाजार कुणी खरोखर पाहिलाय?" तेव्हा मी वहीत डोकं घातलं. काकू मागंच उभ्या होत्या. माझ्या बाजूला थायलंडची एक बाई बसायची, साठीची, गोल चेहऱ्याची. तिनं झटकन हात वर केला. "मी! माय बोट. आय सेल नूडल!" असं म्हणाली आणि छातीवर हात मारला. मी तिच्याकडे बघतच राहिले. बाप्पा, ही घाबरत कशी नाही?

मग नाटक ठरलं. टेबलं म्हणजे नावा, निळी चादर म्हणजे पाणी. टीचरनं वस्तूंची चित्रं वाटली. एवढ्या चित्रांतून माझ्या हातात काय यावं? मासे! नशीब पण असं खवचट. तरी मी उतरले त्या चादरीवर. खुर्चीत न बसता उकिडवी बसले. बाटलीतलं पाणी हातात घेऊन कागदाच्या माशांवर शिंपडलं. पहिल्या गिऱ्हाइकानं खोटी नोट दिली, आणि माझा हात मला न विचारताच उठला. नोट कपाळाला, मग डोळ्यांना, मग मालाला. बोहनी.

थायलंडची बाई आनंदानं ओरडली. तिकडेही पहिली नोट मालावर आपटतात. तिनं आपली नोट आपटून दाखवली, माझ्या पाठीवर थाप मारली. मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं, की क्षणभर मी मागं बघायचंच विसरले.

काकूंनी सगळं बघितलं होतं. मंडईत जाणाऱ्या बाईला माल कसा घ्यायचा ते येतं. बोहनीची ही रीत मात्र विकणाऱ्याच्याच घरची असते. काकू गिऱ्हाईक होऊन पुढं आल्या आणि त्यांनी नाक धरलं. ते मी सांगितलंच.

परत येताना मी गाडीत मागच्या सीटवर बसले. पुढं बसू का, असं विचारायचंही धाडस नव्हतं. काकू घराच्या ड्राइव्हवेत गाडी थांबवून, मागं न वळता बोलल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"हे बघ, मी काही जुन्या विचारांची नाही. मला स्वतःला काही वाटत नाही. पण पुढच्या आठवड्यात वर्गात तुम्हाला आपापल्या बाजाराबद्दल बोलायचंय, आणि माझ्या दोन मैत्रिणी यायच्या आहेत ऐकायला. आमचे टेनंट आपल्यातले आहेत, असं मी त्यांना सांगून बसलेय. तू भाजीचं बोल. आई मंडईत भाजी घ्यायला जायची, म्हण. घ्यायला. एवढं केलंस तर राहा सुखानं. नाही तर दुसरं घर बघा."

नवरा रात्रपाळीला निघण्याआधी मी हे त्याला सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आपलेच दात आणि आपलेच ओठ," म्हणाला. "या थंडीत कुठं जायचं? बोल ना भाजी! तुझं काय जातं?"

"माझी माय जाते," मी म्हणाले.

तो बूट घालून गेला.

पण मीही घोकायला लागलेच की! बढाया कशाला मारू? वॉशरूमचं दार लावून, नळ सोडून, हळू आवाजात. माय मदर बॉट व्हेजिटेबल्स. माय मदर बॉट व्हेजिटेबल्स. वर पाऊल वाजलं की थांबायची. झोप उडाली. डोळ्यांसमोर एकच दिसायचं, बर्फात आमच्या दोन बॅगा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस तर रोज डोक्यावर चपला घालून चालायचा.

आदल्या दिवशी मायचा फोन आला. "काय शिकवून राह्यले वं तुले?" मी म्हणाले, बाजाराबद्दल बोलायचंय. तर ती लहान पोरीसारखी हरखली. "अव्वो! मंग माहं सांगशील का? माय डोंग्यातून इकत होती म्हणून?"

मी म्हणाले, "हो माय."

वर्ग भरला. काकूंच्या मैत्रिणी पहिल्या रांगेत, साड्या नेसून, वरून जाकिटं. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. काकूंनी मला मान हलवून इशारा केला, प्रेमळ बाईसारखा. मी तोंड उघडलं.

"माय मदर..."

पुढचं येईना. थायलंडची बाई टक लावून बघत होती. तिनं टेबलावर हलकेच हात आपटला, नोट मालावर आपटावी तसा.

"माय मदर सोल्ड फिश. इन अ बोट."

"हाऊ लव्हली!" टीचर म्हणाली. "तुमच्याकडेही तरंगता बाजार!"

"नॉट लव्हली," मी म्हणाले. आवाज चिरकला, चिरकू दे. "दे डिड नॉट लेट हर पुट द बास्केट ऑन द स्टेप्स. सो शी स्टूड इन द बोट. वन डे शी हॅड फीव्हर. शी पुट द बास्केट डाउन. अ मॅन किक्ड इट. अँड माय मदर सेड सॉरी."

तिथं थांबता आलं असतं. पाय म्हणत होते, बस खाली. मी काकूंकडे बोट केलं.

"लास्ट वीक धिस मॅडम सेड समथिंग टू मी इन मराठी. यू ऑल क्लॅप्ड. नाऊ आय टेल यू इन इंग्लिश."

आणि सांगितलं. वास, जात, धुवायचे हात, सगळं. माझ्याकडे होते तेवढ्या शब्दांत, मोडकंतोडकं, एकही न गाळता. काकू "शी इज मिसअंडरस्टँडिंग" म्हणत उठल्या. त्यांच्या मैत्रिणी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. टीचर लाल झाली, कागद सारखे करत राहिली आणि म्हणाली, "थँक यू फॉर शेअरिंग. नेक्स्ट?"

बस. एवढंच. टाळ्या त्या दिवशी नाही पडल्या. थायलंडच्या बाईनं फक्त माझी खुर्ची पुढं ओढून दिली. मी बसले.

काकूंनी घर सोडायला सांगितलं, बोलल्याप्रमाणे. नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. डिकीतल्या झिंग्यांच्या पिशवीवरच आम्ही बॅगा रचल्या. जवळच्या एटोबिकोत एक बेसमेंट बघायला गेलो, तर मालकीण दारातच म्हणाली, "आप लोग कौन हैं? व्हेजिटेरियन हैं ना?" नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी विनवणी करत होता बिचारा. भीती तीच, बर्फ तोच, बॅगा त्याच.

मी म्हणाले, "मछली खाते हैं. मेरी माँ बेचती थी."

तिनं कळवते म्हणून दार लावलं. कळवलं नाही.

पुढच्या दारावर मी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्याही. भीती गेली नाही, जाईल असं वाटतही नाही. घाबरत घाबरतच सांगते. पण मायची टोपली मी आता पायरीवरच टेकवणार आहे. ज्याला लोटायची असेल त्यानं लोटावी. माफी मी मागणार नाही.