दोरीत बांधलेला मजकूर

हातात मजकूर दिला की आमचे कंपोझिटर काका आधी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, “छापाचं हाय ना? का उगाच जुळवाले देता?”

साठ सालाच्या आधीची गोष्ट. वणीतल्या एका साप्ताहिकात मी मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायचो आणि जत्रेत नाटक कंपनी आली की परीक्षणही लिहायचो. काका शिशाचे खिळे जुळवायचे. तुम्ही जुना छापखाना पाहिला असेल तर ठाऊक असेल, जुळवलेला मजकूर दोरीने बांधून ठेवतात; छापून झाला की दोरी सोडायची आणि खिळे परत खणांत टाकायचे. आमच्याकडे खिळे मोजकेच, त्यामुळे एक मजकूर सुटल्याशिवाय दुसरा उभा राहत नसे. लग्नपत्रिका सोडताना काका नवरीला पुटपुटत आशीर्वाद द्यायचे आणि आम्ही हसायचो.

एका जत्रेत कंपनीतली गाणारी बाई छापखान्यात आली. मुकुटबनकडची, वीस-बावीस वर्षांची. तिला लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं, मी लिहिलं. कंपनीचा मालक बायकांना आपल्या तंबूत बोलावतो, जबरदस्ती करतो, जी नाही म्हणेल तिचं गाणं काढून घेतो. तिच्यासारख्या आणखी तिघी होत्या. लिहिताना माझा हात दोनदा थांबला, ती मात्र थांबली नाही.

“तुह्यं नाव नाही टाकाचं ना, बाई?” काकांनी विचारलं.

“टाका. त्याचं टाका, माह्यं बी टाका. छापून आलं तं बाकीच्या पोरी सुटतीन, काका.”

त्या दिवशी काकांनी ‘छापाचं हाय ना’ विचारलं नाही. जेवायलाही न जाता मजकूर जुळवला आणि दोरी बांधली.

संपादकांनी मुद्रित वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. “जत्रा होऊन जाऊ द्या, मग पाहू.” पहिल्या पानावर कंपनीची जाहिरात होती आणि आम्हा सगळ्यांच्या खिशात फुकटचे पास होते. खोटं कशाला बोलू, त्याच अंकात माझं परीक्षण आलं. त्यात मी मालकाच्या शिस्तीचं कौतुक केलं होतं. गावाला काही ठाऊक नव्हतं असंही नाही. पानठेल्यावर लोक डोळे मिचकावून हेच बोलायचे.

शुक्रवारी ती अंक घेऊन आली. “काका, कोठी हाय माह्यं? दाखवा.”

काका तिला आत घेऊन गेले. बांधलेल्या मजकुरावर तिचं बोट ठेवलं. “हे पाह्य, हे सारं तुह्यं हाय. छापाचं बाकी हाय.”

तिने काळं झालेलं बोट पाहिलं. “हाय तं मंग,” एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी कंपनी ढाणकीकडे निघाली, कंपनीबरोबर तीही. आम्हाला ती पुन्हा दिसली नाही.

काकांनी तो मजकूर चार वर्षं सोडला नाही. खिळे कमी पडले की संपादक चिडायचे. काका मान वर न करता सांगायचे, “ते छापाचं हाय.”

मग कंपनीचा मालक वारला. संपादकांनी पानभर श्रद्धांजली लिहिली. खिळे पुरेनात. “काका, आता ते जुनं सोडा.”

“माह्या हातानं नाही सुटत, साहेब.” काकांनी खुंटीवरची टोपी घातली आणि ते निघून गेले.

दोरी मी सोडली. सांगताना आजही लाज वाटते. तिचं नाव मी सगळ्यात आधी खणांत टाकलं, म्हणजे पुन्हा दिसायला नको. बाहेरून आणलेल्या माणसाने त्याच खिळ्यांत श्रद्धांजली जुळवली, आणि त्या श्रद्धांजलीचं मुद्रित मी तपासलं.

अंक निघाल्यावर काका विसरलेला चष्मा न्यायला आले. त्यांनी रिकामी जागा पाहिली, मग माझी बोटं पाहिली.

“छापलं?” त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. टेबलावर ती दोरी पडली होती. काकांनी ती उचलली, नीट गुंडाळली, चष्म्याबरोबर खिशात ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर ते छापखान्यात कधी आले नाहीत.