कच्चा पेरू, मीठ लावून

मी पोर्तुगीज शिकले ती हौस म्हणून नाही, रागाने. आयर्लंडमधल्या एनिसच्या हॉस्पिटलात माझ्याकडे ब्राझीलची एक आजी मधुमेहासाठी यायची. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून टेबलावर फोन ठेवायचा आणि पलीकडून एक दुभाषा, चांगला भारदस्त आवाजाचा पुरुष, माझं तिला आणि तिचं मला सांगायचा. आजीची शुगर काही केल्या उतरेना, नवी गोळी देऊनसुद्धा. गोळ्या घेता? घेते. पथ्य? पाळते. काही त्रास? 'तूदू बें', म्हणजे सगळं ठीक. डोंबलाचं ठीक! बाई काहीतरी लपवत होती, आणि असंच चाललं असतं तर एक दिवस पाय गमावून बसली असती. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

गावात एका ब्राझिलियन बाईचा कॅफे आहे. गुरुवारी संध्याकाळी ती तिथेच भाषा शिकवते. मी नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी माझी कॉलर ताठ. पाव त्यांचाही पावच, बटाटा बटाटाच, चावी, साबण सगळं ओळखीचं, फक्त जरा नाकात बोलायचं. बरोबरचे आयरिश लोक घाम गाळत शब्द पाठ करत होते आणि मी मास्तरणीला सांगत होते की आमच्याकडे हे माझ्या आजीच्या आजीपासून आहे. नको तितकी शेखी मिरवली, कबूल.

वर्ग एक तास, खाणं दोन तास. चीजचे गरम गोल पाव यायचे. ते कसल्या पिठाचे म्हणून विचारलं, तर ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याच्या. अगं बाई, म्हणजे उपवासाला चालणार की काय, म्हणेपर्यंत कळलं की आत अंडं आहे. काळ्या घेवड्याची डुकराचं मांस घातलेली दाट उसळ भातावर वाढायचे आणि बाजूला संत्र्याच्या फोडी. नागपूरच्या बाईला संत्रं वाढायचं म्हणजे हिंमतच. मी नाक मुरडून खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

मग टेबलं भिंतीला लागायची आणि नाच सुरू व्हायचा. त्या नाचाचं नाव 'फोहो'. मी घरी तेवढंच सांगितलं, तर नवरा पोहे मिळणार म्हणून तयार होऊन आला! पोहे नव्हतेच, कॅफेतल्या स्वयंपाकिणीने त्याला धरून तासभर नाचवला. घरी येताना लंगडत म्हणाला, "तू शिकायला जातेस की मजा मारायला?" म्हटलं, दोन्हीला, तुझं काय जातंय?

जूनमध्ये त्यांचा संत जॉनचा सण होता. गावातल्या हॉलमध्ये पताका, उकडलेली कणसं, चिक्कार माणसं. विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने माईकवर लहानपणची एक गोष्ट पोर्तुगीजमध्ये सांगायची होती. पहिल्या रांगेत माझी ती आजी बसलेली. मी ठणकावून सुरुवात केली: लहानपणी आम्ही शेजारच्यांच्या झाडावर चढायचो, कच्चे पेरू चोरायचो आणि मीठ-तिखट लावून वरच बसून खायचो.

हॉलमध्ये जो हशा उसळला तो थांबेचना. मास्तरणीने डोळे पुसत कानात सांगितलं, आमच्या भाषेत पेरू म्हणजे टर्की. तो ख्रिसमसला भाजतात तो पक्षी.

माझे कान तापले. आठ वर्षं मी या देशात जपून, मोजून, इथल्यांसारखं 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे छान छान, करत इंग्रजी बोललेय. कोणी हसेल अशी पाळीच येऊ दिली नाही. वाटलं, माईक ठेवावा आणि घर गाठावं. पण वऱ्हाडी खोड जाते कुठे? म्हटलं, हसताय काय, आमच्या नागपूरचे टर्की झाडालाच लागतात. बाहेरून हिरवे, आतून गुलाबी, आणि बिया दातात अडकतात. व्याकरणाचा पार चुथडा झाला असेल, पण लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. घरी, माहेरी, मी अशीच बोलते. इथे मला तसं कोणी ऐकलंच नव्हतं. मला स्वतःचा इतका अभिमान डॉक्टरकी पास झाले तेव्हाही वाटला नव्हता.

पुढच्या तपासणीला आजी आली. मी सवयीने फोन उचलला, तर तिने माझ्या हातावर हात ठेवून तो खाली ठेवायला लावला. खुर्ची जवळ ओढली. हळूहळू, मला कळेल असं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, त्या नव्या गोळीने खाली खाज सुटते, बसवत नाही, म्हणून ती गोळी मी कधीची बंद केलीय.

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?" मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारलं.

तिने फोनकडे बोट दाखवलं. "त्या माणसाला सांगू?"

मी गोळी बदलून दिली.