शोभाचा जांभळा ड्रेस आणि माझा आइसबॉक्स

आमच्या घरात बॅग भरण्याचं काम माझ्याकडून कायमचं काढून घेण्यात आलं आहे. निर्णय एकमताने झाला. मीही बाजूनेच हात वर केला.

मुळात मी माफी मागणारा माणूस. रिक्षात कुणाचा पाय माझ्या पायावर पडला, तरी 'सॉरी' मीच म्हणतो. गोव्याच्या सहलीबद्दल तर मी इतक्यांदा माफी मागितली आहे की मी नुसतं तोंड उघडलं तरी शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "केलं माफ. पुढे बोला."

तर झालं असं, की मी, शोभा, आमची मुलगी ऋतुजा आणि माझी आई, असे आम्ही पहिल्यांदाच विमानाने समुद्र बघायला निघालो होतो. ऋतुजाने शोभासाठी गडद जांभळा, पायघोळ ड्रेस आणला. लग्न झाल्यापासून शोभाने साडी आणि पंजाबी ड्रेस सोडून काही अंगाला लावलेलं नाही. "छे! या वयात?" असं म्हणून तिने तो कपाटात टाकला. मग रोज दुपारी खोलीची कडी लावून घालून बघू लागली. (दाराच्या फटीतून मी पाहिलं. त्याचीही माफी मागून झाली आहे.) शेवटी म्हणाली, "एक फोटो. समुद्राकडे तोंड करून. पाठमोरा. बस्स!"

म्हणजे अख्खी सहल त्या एका फोटोसाठी होती. आणि तो ड्रेस नीट पोचवण्याची जबाबदारी मी स्वतःहून घेतली.

"नवी बॅग घेऊ या," शोभा म्हणाली.

"कशाला? आपला आइसबॉक्स आहे की!"

दिंडोरीहून दादा, माझा मोठा भाऊ, दर हंगामात ज्यातून द्राक्षं पाठवतो, तो हा निळा, चाकांचा आइसबॉक्स. भिंती जाड, झाकण घट्ट. जाताना कपडे न्यायचे, तिथे किनाऱ्यावर पाणी गार ठेवायचं. मला तर वाटलं, ही युक्ती आजवर जगात कुणाला सुचली कशी नाही!

"लोक म्हणतील, मासेवाले आले," ऋतुजा म्हणाली.

"घेऊ दे गं त्याला," आई म्हणाली. "पोरगं हौसेनं करतंय." (पोरगं पन्नाशीला आलंय.)

निघायच्या दिवशी पहाटे मी आइसबॉक्स साबणाने घासून धुतला. तरी आत जुन्या द्राक्षांचा आंबूस वास होताच. तेव्हा मला दुसरी युक्ती सुचली. द्राक्षांच्या पेटीत सर्वांत वर एक औषधी कागद घालतात. त्यामुळे माल बोटीतून परदेशी पोचेपर्यंत ताजा राहतो. दादाने दिलेली त्याची चळत घरात पडूनच होती. जे द्राक्षांना चालतं, ते कपड्यांना का चालू नये? तरी खबरदारी म्हणून दादाला फोन केला.

"कपड्यात?" दादा ओरडला. "अरे, त्यात गंधक राहतं! ओल लागली की गॅस सुटतो. लय बेकार वास! ओल लागू देऊ नको, काय?"

"छे, छे! कोरडाच आहे," मी म्हणालो. आणि ज्या टॉवेलने आइसबॉक्स पुसला, तो (थोडासाच दमट होता हो!) तळाला पसरला. त्यावर तिघींचे कपडे, सर्वांत वर जांभळा ड्रेस, आणि त्यावर ओळीने कागद. वरून चिकटपट्टीचे वेढे, बाण काढून 'ही बाजू वर'. माझे कपडे त्यात मावले नाहीत. ते पिशवीत घेतले.

ओझरला, म्हणजे आमच्या नाशिकच्या विमानतळावर, काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, यात बर्फ आहे? मासे?"

"नाही. बायको."

"सर?"

"बायकोचे कपडे!"

शोभा तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी कुटुंबात जाऊन उभी होती.

गोव्याला सामानाच्या पट्ट्यावर आमचा आइसबॉक्स उलटा अवतरला. बाण जमिनीकडे. भोवतीची माणसं नाकाला रुमाल लावून मागे सरकू लागली. फटाक्यांची अख्खी माळ नाकाशी फुटावी, तसा वास! मी ओळख न दाखवता छताकडे बघत राहिलो. तेवढ्यात आई खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे, आपला डबा पुढं चालला ना! धर की!"

हॉटेलवर झाकण उघडलं आणि आम्ही चौघं खोकत गच्चीत पळालो. आईची लुगडी आणि ऋतुजाचे कपडे नुसत्या वासावर सुटले. जांभळ्या ड्रेसवर मात्र रंग उडून ओळीने पांढुरके चौकोन उमटले होते. कागदावरचे औषधाचे कप्पे जसेच्या तसे!

शोभाने ड्रेसची नीट घडी घालून तो पलंगावर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

"चूक झाली गं. माझे कपडे घाल. नाहीतर मला मार. निदान ओरड तरी!"

आईने ड्रेस हातात घेतला, उलटसुलट केला. "का गं? वाईट नाय दिसत. मुद्दाम छापल्यावानी हाय. वाळव आन् घाल."

संध्याकाळपर्यंत तो गच्चीच्या कठड्यावर वाऱ्यावर फडफडत होता. मग शोभा तो घालून समुद्राकडे चालू लागली. ऋतुजाने फोन सरसावला. मी मागून, वासाच्या अंतरावर. एवढ्यात एक आधुनिक बाई धावतच शोभाजवळ आली.

"काय सुंदर प्रिंट आहे! कुठून घेतलात?"

मी माफीसाठी तोंड उघडलं. शोभाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"नाशिकचं काम आहे," ती म्हणाली. "एकच कारागीर करतो. पण त्याने आता धंदा बंद केलाय."

ऋतुजाने नेमका तेव्हा फोटो काढला. पाठमोरा नाही, चांगला समोरून! शोभा त्यात पोट धरून हसते आहे. तो आता आमच्या दिवाणखान्यात आहे.

घरी आल्यावर मी दादाला फोन लावला. "दादा, तुमची द्राक्षं दूरदेशी पोचतात, डाग पडत नाही. मग आमचेच कपडे कसे..."

दादाच्या आधी स्वयंपाकघरातून शोभाच म्हणाली, "द्राक्षांचं पॅकिंग त्यांचे नवरे करत नाहीत!"

येत्या दिवाळीत केरळला जायचं ठरलंय. तिघींसाठी नवी, मोठी बॅग आली आहे. तिला मी हात लावायचा नाही. आइसबॉक्सही येणार आहे, पण त्यात फक्त माझे कपडे. दादाला मी स्पष्ट सांगितलंय, या वेळी कागद नकोच.

फार तर एक.