पुतळ्यांच्या कुरणात

अमेरिकेत एमएसच्या दुसऱ्या सेमिस्टरला मी हौसेने इतिहासाचा एक कोर्स घेतला होता. त्यात एखाद्या स्मारकावर पेपर लिहायचा होता. पूर्व युरोपात चौकाचौकांतून उतरवलेले कम्युनिस्ट राजवटींच्या काळातले पुतळे एका माणसाने विकत आणून व्हर्जिनियातल्या आपल्या कुरणात उभे केलेत, असं कळलं. माझ्याकडे गाडी नव्हती. व्हर्जिनियातच, हर्नडनला बाबांचे कॉलेजमधले मित्र राहत, रिटायर्ड इंजिनियर. ते म्हणाले, "शनिवारी मी नेतो तुला."

काका म्हणजे मराठी मंडळाच्या गणपतीत नुसते उभे राहिले तरी हॉल शांत व्हायचा, असा माणूस. पण त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता. पोचलो तेव्हा कुरणाचं गेट उघडं होतं. काका गाडीत थांबले, मी एकटीच आत गेले.

पुतळे कसेही ठेवलेले होते. एक चबुतऱ्याशिवाय गवतातच उभा होता. एकाचे नुसते बूट उरले होते. वारा पोकळ ब्राँझमध्ये शिरला की आतून कण्हल्यासारखा आवाज येई. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं, तरी मला मागे वळून बघवेना. भराभर फोटो काढून निघायचं, असं मी ठरवलं.

तेवढ्यात एक पिकअप ट्रक गवत तुडवत आला. साठीचा एक माणूस उतरला. त्याच्या कमरेला पिस्तूल होतं आणि हात त्यावरच होता.

"हलू नकोस. हात दिसू देत. कोणी पाठवलं तुला?"

मी स्टुडंट आहे, एवढंच सांगायचं होतं. ओळखपत्र पाठीवरच्या बॅगेत होतं, पण बॅगेकडे हात न्यायची हिंमत होईना. पोलिस, व्हिसा, सगळं एकदम डोक्यात आलं. आणि आई. तिला कोण फोन करेल, कुठल्या भाषेत सांगेल?

मग काका दिसले. लंगडत येत होते. दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर, तळवे उघडे.

"सर, ती विद्यार्थिनी आहे. चूक आमची आहे. आम्ही लगेच जातो." मग मान न वळवता ते मला मराठीत म्हणाले, "पळू नकोस. हळूहळू माझ्याकडे ये."

"इंग्लिशमध्ये बोला," तो माणूस ओरडला.

"येस सर. सॉरी सर," काका म्हणाले.

काकांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मला पिस्तुलापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

मी एकेक पाऊल टाकत काकांपाशी पोचले. त्या माणसाने आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि पिस्तुलावरचा हात काढला. तो तिथला राखणदार होता. मागच्या महिन्यात कोणीतरी हातोडा घेऊन घुसलं आणि एका पुतळ्याचं तोंड फोडून गेलं, तेव्हापासून आधी परवानगी घेतल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही, म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला, "आलाच आहात, तर बघून घ्या."

"थँक यू सर, नको," काका म्हणाले.

गाडीत त्यांना सीटबेल्ट लावता येईना. मी लावून दिला. पुढे एका गॅस स्टेशनवर गाडी थांबवून आम्ही कॉफी घेतली.

"मी इथला नागरिक आहे गं. तीस वर्षं होऊन गेली," कप खाली ठेवून काका म्हणाले. "तरी हात आपोआप वर गेले."

"तुम्ही आलात म्हणून सुटले मी, काका."

"काकूला सांगू नकोस. मला घराबाहेर पडू देणार नाही ती."

मी कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. पेपर लायब्ररीमागच्या युद्धस्मारकावर लिहिला. विषय का बदलला, असं प्रोफेसरांनी विचारलं. "लांब पडतं," म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस रस्त्यात मागून ट्रकचा आवाज आला, की माझे हात खिशातून बाहेर यायचे.