विरूपाक्ष अप्पांनी माईकवर दिलेली ओळख

पडदा वर जातो तेव्हा समोर लातूरच्या एका मंगल कार्यालयाचं फाटक आहे. रविवारची सकाळ. दारात चहाची किटली, चपलांचा ढीग, आतून ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’. आणि डाव्या बाजूनं, तोंडाला रुमाल गुंडाळून, प्रवेश करतात उदगीरचे भुसार व्यापारी विरूपाक्ष अप्पा. कपाळावर विभूती, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि चाल अशी की जणू दुसऱ्याच्याच चपला घातल्यात.

अप्पांचं दुकान सचोटीचं. मापात मारणार नाहीत, दारी आलेल्या जंगमाला रिकाम्या हाती पाठवणार नाहीत. पण दिवेलागण झाली की गळ्यातलं इष्टलिंग काढून ते कमलम्माच्या हाती द्यायचे आणि बाहेर पडायचे. लिंग अंगावर असताना प्यायचं नाही, एवढा नेम त्यांनी पिण्यातही पाळला होता. कमलम्मा ते देवघरात ठेवायची, भाकरी झाकायची, आणि नवरा कुठं गेला हे कुणी विचारलंच तर ‘वसमतच्या पार्टीकडं’ म्हणायची. वर्षानुवर्षं ती पार्टी काही संपली नाही.

मग दिवाळीनंतर लेकीला बघायला पाहुणे आले. अंबिका नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स; मुद्दाम रजा काढून आली होती. पाहुणे पोहे खात बसलेले आणि अप्पा दुकानात तुरीच्या पोत्यांवर आडवे. अंबिकेनं पाहुण्यांना हात जोडले, बापाला उठवून बसवलं आणि औषधाची वेळ सांगावी तशी सांगितलं, “अप्पा, तुम्ही शुद्धीत राहू लागलात की मग बोलवा कुणाला. तोवर मी कुणापुढं बसणार न्हाई.”

अप्पांनी दारू सोडवणाऱ्या मंडळींना चोरून फोन लावला. पलीकडच्या माणसानं लातूरच्या बैठकीचा पत्ता दिला आणि म्हणाला, “नाव-गाव कुणी विचारत नाही. उभं राहून स्वतःबद्दल खरं ते बोलायचं, बस्स.” उदगीरात कुणाच्या कानावर जायला नको, गेलं तर पोरीचं लग्न बुडालंच. म्हणून अप्पांनी लातूरच गाठलं. वाटेत बसमध्ये, पहिल्यांदा रंगमंचावर जाणाऱ्या नटासारखं, ते आपलं वाक्य ओठातल्या ओठात घोकत होते.

हॉल गच्च भरलेला. अप्पा चाट पडले. एवढे जण! आणि बहुतेक आपल्याच समाजातले. घाम पुसणारे बाप, खाली माना घातलेली पोरं. “अगं माय, बाया बी?” असं पुटपुटत ते खांबाआड बसले. मान वर करून बॅनर वाचायची छाती नव्हती.

माईकवर एक बाई म्हणाल्या, “लाजू नका. लाजून-लाजूनच आपलं नुकसान झालंय. कुणीतरी उठा, ओळख द्या, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल.”

कुणी उठेना. आता उठलो नाही तर थेट बसस्टँडकडं पळणार, आणि बसस्टँडसमोर काय मिळतं ते अप्पांना पाठ होतं. ते उठले, रुमाल सोडला, माईक हातात घेतला.

“मी विरूपाक्ष. लई वर्षं झाली, दारू पितो. सोडायची हाय, सुटत न्हाई. पोरीसाठी आलो.”

बाई हळूच म्हणाल्या, “मामा, हा वधू-वर परिचय मेळावा आहे.”

आणि पुढच्या रांगेतून उठले उदगीरचेच कापडवाले शंकरप्पा. “अरे विरूपाक्षा, हे सांगायला लातूरला आलास व्हय? आख्ख्या उदगीरला ठाव हाय की!”

हसण्याची अशी लाट उठली की पंखेही हलले असतील. अप्पा तडक बाहेर निघाले. फाटकाशी त्यांना एका माणसानं गाठलं. तो मेळाव्याचा साउंडवाला चांदपाशा.

“शेठ, माईक घेऊन कुठं चाल्लात?”

अप्पांनी हातातला माईक बघितला आणि मुकाट्यानं परत दिला.

“तुमची बैठक मागच्या अंगाला हाय, जिन्यावरच्या खोलीत. थांबा, मी बी येतो. तिथलाच हाय मी.”

“तुम्ही?” अप्पांच्या तोंडून निघालं. “तुमच्यात तर दारू हराम.”

“अन् तुमच्यात काय, परसाद म्हणून वाटतात?”

अप्पांना हसू फुटलं, पण पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर अडकले. इथून घरी जायचं, तर गाव आधीच जाणून. म्हणजे एवढी वर्षं रुमाल, चोरवाटा, वसमतची पार्टी, हे सगळं कुणापासून झाकलं? पोरीचं लग्न जे मोडत होतं ते कुणाला कळल्यानं नाही, रोजच्या संध्याकाळनं.

ते वर गेले. चार लोखंडी खुर्च्या, एक सतरंजी, थर्मासमधला चहा. कुणी नाव विचारलं नाही. पाळी आली तेव्हा अप्पा म्हणाले, “माझं खाली बोलून झालं,” आणि चांदपाशानं किस्सा सांगताच सगळे हसले, पण हे हसणं वेगळं. त्यात अप्पाही होते. मग एक म्हातारा, एक तरुण मास्तर बोलत राहिले. अप्पांनी ऐकलं. चहा दोनदा घेतला.

जिना उतरताना फोन वाजला. शंकरप्पा बसपेक्षा वेगवान निघाले होते.

“अप्पा!” अंबिकेचा आवाज तापलेला. “मेळाव्यात गेलात? मी नको म्हणलं तरी माझं नाव दिलंत तिथं?”

“तुझं न्हाई गं अव्वा, माझं सांगून आलो. पुढच्या बैठकीला लातूरला येणार न्हाई. उदगीरात बी भरते म्हणत्यात इथली माणसं. तिथंच जातो. भर बाजारातून, चालत.”